अध्यक्षबाईंची इयत्ता

टांझानियात नोकरीला असलेल्या शंभूनं तिथल्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि जळकोटच्या आपल्या आईला, कडूबाईंना, अध्यक्ष केलं. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर संस्थेच्या मदतीनं शिकणाऱ्या तिसरीतल्या नीमानं विचारलं, "आजी, तुम्ही कितवी शिकलात?"

शंभूनं प्रश्न मराठीत सांगितला आणि हळूच म्हणाला, "आई, सातवी म्हण."

"खोटं कशाला? म्या शाळंत गेलेच न्हाय," कडूबाई म्हणाल्या. कानशिलं तापली, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

शंभूनं ते नीमाला सांगितलं. तिनं जरा विचार केला आणि वहीच्या पानावर इंग्रजीतला मोठ्ठा 'ए' काढून कॅमेऱ्यासमोर धरला आणि आजींनाही गिरवायला खुणावलं.

परवाची विश्वस्तांची बैठक अध्यक्षांनी पुढं ढकलली.



"गृहपाठ राहिलाय," त्या शंभूला म्हणाल्या, "आन् नीमाबाई लई कडक हायत."