फाटकावरचा कॅमेरा

शनिवारची सकाळची शाळा साडेदहाला सुटली आणि अकराला पाच कमी असताना फाटकाशी एकटी मृणाल उरली.

नेत्रा ते माहेरी, तळा गावातल्या एका दुकानात बसून बघत होती. दाखले काढून देणाऱ्या त्या दुकानात ती कॉम्प्युटरवर कामाला होती. पडद्याच्या कोपऱ्यात, अर्जांच्या बाजूला, तळहाताएवढी एक खिडकी ती दिवसभर उघडी ठेवायची. चोऱ्या वाढल्या म्हणून तिच्या सासरच्या गावाने, मुरुडजवळच्या वाडीने, चार ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि पंचायतीच्या वेबसाइटवर ते कुणालाही थेट दिसत. जेट्टी आणि देऊळ मुंबईला गेलेली माणसं बघायची. शाळेचं फाटक बहुधा एकटी नेत्राच बघत असावी.

सात महिन्यांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली तेव्हा बैठकीत ठरलं होतं : मृणाल बापाकडे राहील आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत नेत्राने फोन करायचा नाही. बघायचं नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं. ते कुणाला सुचलंच नव्हतं.

"बाय, उठला का अंगठा?" समोरच्या आजोबांनी विचारलं. ते हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. चिखलात राबून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पार गेल्या होत्या; मशीन चौथ्यांदा नाही म्हणालं होतं.

"पुसून परत ठेवा, आजोबा," नेत्रा म्हणाली. सकाळपासून हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं होतं कोण जाणे.

रोज तिची सासू ठमाबाई बाजारात मासळी विकून शाळा सुटायच्या आधीच येऊन उभी असे. आज ती नव्हती. शाळेच्या बाईंनी कुलूप लावलं, दोनदा घड्याळ बघितलं आणि त्याही निघून गेल्या. मृणाल दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसली. मग एक मोटारसायकल येऊन थांबली. हेल्मेट घातलेला माणूस वाकून काहीतरी बोलला. मृणाल उठून उभी राहिली.

आणि चित्र अडकलं. नुसतं गोल चक्र फिरायला लागलं.

नेत्राने पान पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. नवरा बोटीवर, समुद्रात; त्याचा फोन लागणार नव्हता. ठमाबाईला करावा, तर ती विचारणार, तुला कसं कळलं? दीर पंचायतीत मेंबर होता. संध्याकाळपर्यंत वेबसाइटवरून फाटक नाहीसं झालं असतं. मग काहीच उरलं नसतं.

तिने ठमाबाईचा नंबर लावला. तो तिला पाठ होता.

"आई, मी नेत्रा."

पलीकडे रिक्षाची फटफट ऐकू येत होती.

"मृणाल फाटकाशी एकटी आहे. कुणीतरी मोटारसायकलवाला तिच्याशी..."

"सदा हाय तो, दुकानवाला. मीच सांगितला त्याला, पोरीजवल उभा रा म्हनून. एस्टी बंद पडली. रिक्षात हाय मी, आलेच."

"बरं."

नेत्रा फोन ठेवणार, तेवढ्यात ठमाबाईने विचारलं,

"तुला कोनी सांगितला, ती एकटी हाय म्हनून?"

खोटं बोलायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"मला दिसतं, आई. फाटकावरच्या कॅमेऱ्यात. रोज बघते."

ठमाबाईने फोन ठेवला.

थोड्या वेळाने चित्र परत हललं. सदा मोटारसायकलला टेकून उभा होता, मृणाल पायरीवर बसली होती. मग रिक्षा आली. ठमाबाई गुडघ्यावर हात देऊन उतरली. सदा गेला, रिक्षाही वळली. तिने पोरीचं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं, तिचा हात धरला आणि दोन पावलं टाकून थांबली.

ती शोधत होती. आधी भिंतीवर, मग छपराखाली, मग तिला कॅमेऱ्याचा खांब सापडला. तिने मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघितलं. ठमाबाईचा चेहरा एवढ्या समोरून तिने कधी बघितला नव्हता. म्हातारी फार थकली होती. आता ही घरी जाऊन दिराला सांगणार, आणि सोमवारी इथे काही दिसणार नाही.

ठमाबाईने हातातली मासळीची पाटी खाली ठेवली. पदराने पोरीचं तोंड पुसलं. सुटलेली एक रिबन पुन्हा बांधली. खांबाकडे हात करून तिच्या कानात काहीतरी म्हणाली. मृणालने लाजून मान हलवली आणि तोंड गच्च मिटलं.

तेव्हा ठमाबाईने तिची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि अंगठ्याने वरचा ओठ उचलून दाखवला. पुढचे दोन्ही दात पडले होते.