खोकलेबुवांची गैरहजेरी

सलग तिसऱ्या सकाळी खोकलेबुवा खोकले नाहीत.

बाईंनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. बरोबर सात वाजले होते. पलीकडच्या देशाच्या पुलावरच्या चौकीतून रोजचा संदेश सुरू झाला, पण आवाज वेगळा. तरुण, कोरडा. माणसं इतकी, गाड्या इतक्या, संपलं. ना खोकला, ना त्यांच्याच टेकडीवरच्या चौकीला टोमणा, ना जेवणाच्या नावाने बोटं मोडणं.

खोकलेबुवा हे नाव पलीकडचं बोलणं चोरून ऐकणाऱ्या या खोलीनेच ठेवलेलं. वायरलेसवर बोलायच्या आधी तो माणूस दोनदा खोकायचा. बाई अकरा वर्षं त्याला ऐकत होत्या. चेहरा कधी पाहिला नव्हता, पण त्याचा कुठला गुडघा दुखतो ते माहीत होतं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. हातात अहवाल. शत्रूचं बळ किती, धोका किती, असा कागद दर महिन्याला वर जायचा. या वेळी धोक्यापुढे त्यांनी 'तातडीचा' असं लिहिलं होतं.

"हल्ल्याआधी फौज तोंड मिटते, हे पहिल्याच धड्यात शिकवतात," साहेब म्हणाले. "तीन दिवस एक अवांतर शब्द नाही. ऐकणाऱ्याची सही लागते. तेवढी करून ठेवा, पाचला कागद जाईल."

तो कागद गेला की पुढे काय होणार ते बाईंना पाठ होतं. संध्याकाळपर्यंत राखीव दलाला बोलावणं. राखीव दलात त्यांचा धाकटा भाऊ होता. एरवी शाळेची बस चालवायचा. गावभर कुजबुज सुरू झालेली, त्यामुळे सकाळीच त्याचा फोन आला होता.

"ताई, बॅग भरू का नको, एवढंच सांग. बायको दोन दिवस माझ्या आवडीचंच करून घालतेय. मला आता त्याचीच भीती वाटायला लागलीये."

कामाचं घरी बोलायचं नसतं. बाईंनी "बस वेळेवर सोड" म्हणून फोन ठेवला होता.

त्यांनी सही केली नाही. तीन दिवसांच्या टेपा काढल्या. ऐकल्या. परत ऐकल्या. जेवणाचा डबा तसाच राहिला. दुपारी त्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेब, चौकी गप्प झालेली नाही. माणूस बदललाय."

"मग?"

"टेकडीवरचा वायरलेस जुनाट आहे, पहिली हाक तिथे पोचतच नाही. म्हणून खोकलेबुवा दोनदा हाक मारतात. हा नवा एकदाच मारतो आणि वाट बघत बसतो. गप्प राहायचा हुकूम आला असता तर खोकलेबुवाच कमी बोलले असते."

"त्यांना मोठ्या कामावर हलवलं असेल."

"गेल्या आठवड्यात त्यांनी तीनदा तारीख चुकीची सांगितली. अकरा वर्षांत एकदा चुकले नव्हते. चित्त घरी होतं त्यांचं. ते रजेवर गेलेत. आणि ज्याला उद्या लढायचंय, तो आपला सगळ्यात मुरलेला माणूस आज रजेवर सोडत नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे असं लिहू वर? शत्रूचं चित्त घरी आहे, तरी काळजी नसावी?"

"लिहा. हवं तर शुद्धलेखन मी तपासते."

साहेब हसले नाहीत. "तुमचा भाऊ राखीव दलात आहे ना?"

"आहे. म्हणून तर परत परत ऐकलं. एकदाच ऐकून बोलले असते तर माझा माझ्यावरच विश्वास बसला नसता."

"आणि चुकलात तर?"

पूल इथून फार लांब नव्हता. पुलाच्या अलीकडे शाळा होती, बाजार होता, भावाचं घर होतं.

"चुकले तर सगळ्यात आधी माझ्याच घरावर येईल," त्या म्हणाल्या. "तरी माझं म्हणणं हेच आहे."

साहेबांनी कागद पुढे ओढला. 'तातडीचा'वर रेघ मारली आणि वर 'नेहमीचा' लिहिलं. बाईंनी सही केली. तिच्या खाली साहेबांनी आपली केली.

"बोलणी खायची वेळ आली तर दोघं मिळून खाऊ," ते म्हणाले.

रात्र कशी गेली ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सातला पाच मिनिटं कमी असताना साहेब चहाचा कप घेऊन बाईंच्या मागे हजर. कधी नव्हे ते बाईंसाठीही एक आणलेला.

सात वाजले. खरखर झाली. मग कोणीतरी खोकलं. दोनदा.

बाईंनी डोळे मिटले आणि खुर्चीला पाठ टेकली. साहेबांनी त्यांच्या खांद्यावरून वाकून हेडफोनकडेच पाहिलं, जणू त्यातून कोणी बाहेर येणार होतं.

"काय म्हणतोय? सांगा की."

"टेकडीला दोनदा हाक मारली," बाई ऐकता ऐकता सांगायला लागल्या. "मुलीला मुलगी झालीये. साडेतीन किलोची. बाळापेक्षा जावईच जास्त रडला म्हणे. आणि बदलीच्या माणसाने खुर्ची खाली-वर करून ठेवलीये म्हणून शिव्या चालल्यात."

साहेब आता मोकळेपणाने हसत होते. बाईही हसत होत्या. मग त्यांची पेन्सिल कागदावर थांबली. त्यांनी हेडफोन हळूच काढून मांडीवर ठेवला.

"आता काय झालं?"

"शेवटचं आपल्याला होतं, साहेब."

"आपल्याला म्हणजे?"

"म्हणाले, पलीकडून रोज जे कोणी ऐकतं, त्यांनाही कळवतो. आजोबा झालो, रजेवर होतो. घाबरून काही लिहिलं असेल तर फाडून टाका."