तुमची मुलगी

सुतार आणि त्याची बायको नव्या घरात राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांना मूलबाळ नव्हतं.

वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, “तुमची मुलगी केवढं वाचते हो!”

“बाई, तुमची काहीतरी गफलत होतेय,” तो हसून म्हणाला.

मग दुकानदाराने तिच्या वागण्याचं कौतुक केलं. बागेतले आजोबा तर तिच्यावर बेहद्द खूश होते. संध्याकाळी तलावापाशी पोहायला शिकवणाऱ्या सरांनी त्याची पाठ थोपटली. “पोरगी पहिली आली आज! कोणावर गेलीये?”

“माझ्यावर,” तो बोलून गेला, आणि त्याची छाती खरोखरच अभिमानाने फुगली.

घाईघाईने घरी येऊन त्याने दारातूनच बायकोला हाक मारली.

तिने ओठांवर बोट ठेवलं. चेहरा कौतुकाने उजळला होता. “हळू! पोहून दमलीये. आत्ताच झोपली.”