आजींची साक्ष

वृद्धांच्या शुश्रूषा केंद्राची तपासणी करायची, तर मॅनेजरच्या गोड बोलण्यावर जायचं नाही, हा तपासणीसबाईंचा शिरस्ता. त्या थेट एका आजींच्या पलंगावर जाऊन बसल्या आणि उशाशी असलेली बेल त्यांनी स्वतःच दाबली. कुणीही फिरकलं नाही.

"आत्ताच येऊन गेली हो नर्स," आजी घाईघाईने म्हणाल्या.

बाथरूममधला आधाराचा दांडा धरताच खिळखिळा निघाला. "मी हातच लावत नाही त्याला. पाय ठणठणीत आहेत माझे," आजी वॉकर हळूच पलंगामागे सरकवत म्हणाल्या. ताटातलं जेवण गारढोण होतं. "गरम मला सोसतच नाही मुळी!"

म्हातारीला चांगलं पढवून ठेवलंय, बाईंच्या मनात आलं. त्यांनी मॅनेजरला बाहेर पिटाळलं आणि दार लोटलं. "आजी, आता खरं काय ते सांगा. त्या माणसाला अजिबात घाबरू नका."

"त्याला कोण भीक घालतंय!" आजी फणकारल्या. "मी तुम्हाला घाबरतेय. तुम्ही हे बंद केलंत, की मुलगा मला घरी नेईल."

तेवढ्यात नर्स धापा टाकत आत आली. "आजी, बेल वाजवली होती का?"

"बघा, आली की नाही!" आजींचा चेहरा फुलला. "घरी मी बाथरूममध्ये पडले, तेव्हा हाका मारून मारून घसा बसला माझा. आणि सगळे घरातच होते."