पट्टीचं वजन

दुकानाच्या टेबलावर वहिनीने दादाचा रेकॉर्डर ठेवला. "भावजी, घरभर ह्यांचा आवाज घेऊन फिरते, मनगट भरून येतं. जरा हलका करा." मेकॅनिक दिराला हसू आलं. "वहिनी, कंपनीवाले आत उगाच लोखंडाची पट्टी चिकटवतात. हाताला जड लागलं की गिऱ्हाईकाला माल अस्सल वाटतो. आपल्या दादासारखंच; नुसता रुबाब!" दादा गेल्यापासून वहिनी पहिल्यांदाच हसली. दिराने रेकॉर्डरचं झाकण उघडून बोटाएवढी पट्टी खरवडून काढली. ती पडताच टेबल करकरलं. रेकॉर्डर पिसासारखा हलका झाला. वहिनीने बटण दाबलं. आतून फक्त खरखर. "ह्यांचा आवाज कुठे गेला? पट्टी परत बसवा!" तो पट्टी उचलायला गेला, तर दोन्ही हातांनीही हलेना. वहिनीनेही जोर लावला. पट्टी ढिम्म. "राहू द्या, भावजी," वहिनी हळूच म्हणाली. "त्या दिवशीही ह्यांना उचलायला चौघे लागले होते."