खिडकीतून दिलेलं लेकरू

ती गोरी बाई तिसऱ्यांदा निशीकडे पाहून हसली, तशी मंजुळाबाईने नातीला पदराआड ओढलं आणि पदराचं टोक तिच्या फ्रॉकच्या बंदाला गाठ मारून बांधलं.

लोणारच्या स्टँडवर दुपारपासून बस नव्हती. बाई परदेशातली, एकटीच. एका चाकाने लंगडणारी मोठी बॅग, हाताशी चार वर्षांची पिवळ्या केसांची पोरगी आणि कडेवर दीड वर्षाचं एक लेकरू. तिची भाड्याची गाडी बंद पडली म्हणून ती स्टँडवर आली, असं चहावाला सांगत होता. मंजुळाबाईला ते पटलं नाही. कडेवरचं लेकरू सावळं होतं. काळेभोर केस, काळे डोळे. आपल्याकडचंच वाटावं असं.

"पाह्यलं का आजी?" बाजूला उभ्या शेखर नावाच्या अनोळखी पोराने मोबाइल पुढे केला. "सकाळपासून फिरून राह्यलं हे. लेकरं पळवणारी टोळी आली म्हणते जिल्ह्यात. बाया हायेत त्यात."

"मले वाचता नाही येत. तूच सांग."

"हेच लिहेल हाये. अनोळखी बाईजवळ लेकरू दिसलं तं इचारा म्हणते."

शेखरची नजर मोबाइलवरच होती. मंजुळाबाईने पुन्हा तिकडे पाहिलं. बाई लेकराच्या तोंडाला बाटली लावत होती. लेकरू तोंड फिरवत होतं. आईच्या हातचं असं नाकारतं का कोणी? तिच्या मनातली शंका पक्की झाली.

बस आली आणि एकच झुंबड उडाली. खिडक्यांतून रुमाल पडले, पिशव्या पडल्या. मंजुळाबाईने गाठ सोडली, निशीला उचललं आणि खिडकीतून आतल्या एका अनोळखी माणसाच्या हाती दिलं. "भाऊ, सीटवर बसवा तिले!" मग दारातून रेटारेटी करत ती आत शिरली. सीटवर लेकरू बसलं की सीट आपली, ही रीत ती जन्मभर पाळत आली होती. निशीला मांडीवर घेऊन तिने आधी पुन्हा गाठ मारली.

खाली ती गोरी बाई हे सगळं पाहत उभी होती. दाराशी दोनदा गेली, दोनदा बॅगेसकट मागे ढकलली गेली. मग ती थेट मंजुळाबाईच्या खिडकीखाली आली. काही बोलली. आणि कडेवरचं लेकरू तिने दोन्ही हातांनी वर उचललं.

मंजुळाबाईच्या मनात काही यायच्या आत तिचे हात बाहेर गेले होते. लेकरू आत आलं. बाई पोरीला ओढत, बॅग फरफटत दाराकडे पळाली.

दार लागलं. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. बस निघाली.

"अरे थांबवा! तिची माय खालीच राह्यली!" मंजुळाबाई ओरडली. पन्नास तोंडांच्या गलक्यात कोणाला ऐकू जाणार? तोंडोतोंडी निरोप कंडक्टरपर्यंत पोहोचेस्तोवर पुढचा फाटा आला होता.

तोवर लेकराने रडून बस डोक्यावर घेतली होती. मागच्या सीटवरून शेखर वाकला.

"कोणाचं लेकरू हाये हे, आजी?"

"अरे, त्या गोऱ्या बाईचं!"

"हे? हे तं आपल्यासारखं दिसते."

"बाप सावळा असल त्याचा! माही निशी तरी कुठं माह्यावर गेली?"

कोणी हसलं नाही. मंजुळाबाईने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या नजरा सारख्याच होत्या. ती नजर तिला ओळखीची वाटली. स्टँडवर ती स्वतः अशीच पाहत होती.

लेकराच्या मायची वाट पाहायला ती फाट्यावर लेकरांसकट उतरली. मागोमाग शेखर आणि आणखी पाचसहा जण उतरले. बस निघून गेली.

"आधार कार्ड दाखव," शेखर म्हणाला.

तिने चोळीतून काढून दाखवलं.

"कार्ड काय, कोणाचंही असते. अन् या पोरीले बांधून काऊन ठेवलं?"

"नात हाये माही!"

"इचारा तिले," कोणीतरी म्हणालं. निशी घाबरून मुकी झाली होती. शेखर पोलिसांना फोन लावू लागला. चहाच्या टपरीवरची माणसंही जमली. मंजुळाबाई दगडावर बसली. लेकराने तिच्या गळ्यातली पोत मुठीत धरली आणि रडायचं थांबवलं. तेही लोकांना खटकलं. "चांगलाच लळा लागेल हाये त्याले तिचा," एक जण म्हणाला.

धुरळा उडवत ऑटो आला. त्यातून ती गोरी बाई उतरली. केस सुटलेले, खांद्यावर झोपलेली थोरली. माणसं बाजूला झाली. शेखरने मंजुळाबाईकडे बोट दाखवलं. "मॅडम, ही बाई चोर?"

मंजुळाबाईने निशीला जवळ ओढलं. आता ही गोरी बाई नुसती ओरडली तरी पुरे होतं. काय ओरडली ते कोणी विचारणार नव्हतं.

बाई तिच्यासमोर आली. लेकराकडे पाहिलं, मुठीतल्या पोतीकडे पाहिलं. लेकरू तिने घेतलं नाही. खाली वाकून तिने झोपलेली थोरलीही मंजुळाबाईच्या मांडीवर ठेवली.

मग ती तिथेच तिच्या शेजारी, रस्त्याच्या कडेला बसली. आणि सकाळपासून पहिल्यांदाच मोकळे झालेले दोन्ही हात तोंडावर घेऊन रडली.