भाषांतर बंद कर

"हे बघ, परत झालं!" आईने चष्मा कपाळावर सरकवला आणि खुर्ची मुलीकडे ढकलली. "बंद कर ते एकदाचं."

पडद्यावर स्वेटरच्या विणीचं परदेशी पान होतं. ब्राउझरने ते कुणाला न विचारता मराठीत करून ठेवलं होतं. मराठीत म्हणजे काय, मराठीची पार वाट लावली होती. टाके बंद करायच्या जागी 'उरलेले सगळे बाहेर फेका' आलं होतं. सुलट बाजूची त्याने 'उजवी बाजू' केली होती. इतकी वर्षं हातात सुया धरलेली बाई, पण छापील अक्षरापुढे मान तुकवायची आईची जुनी खोड. तिने सांगितल्याबरहुकूम फुलं फक्त उजव्या अंगाला विणली होती. मुलीसाठी विणायला घेतलेला तो अर्धा फुललेला, अर्धा बोडका स्वेटर टेबलाच्या कडेला पडला होता.

मुलगी दोन दिवसांसाठी आली होती. दूरच्या शहरात ती संगणकाच्याच कंपनीत होती, त्यामुळे घरात जे बिघडेल ते तिच्या गळ्यात. या भाषांतराचं गाऱ्हाणं आईने फोनवर इतक्यांदा ऐकवलं होतं की आईचं नाव दिसलं की ती फोन पालथा घालून ठेवायची. 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करते,' एवढं लिहून मोकळी. ते 'नंतर' काही उजाडायचं नाही. अलीकडे तर आईचे फोन यायचेच थांबले होते. सुटला प्रश्न, असं वाटून तिला बरंच वाटलं होतं. आता कळत होतं की प्रश्न जागच्या जागी होता.

तिने कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. सेटिंग, मग भाषा, मग भाषांतर. बटण बंद केलं आणि पान पुन्हा उघडलं. 'उरलेले सगळे बाहेर फेका.'

"अरे, काय कटकट आहे!" ती करवादली. "आई, तू काय काय दाबून ठेवलंयस?"

"मी कशाला दाबू? मी सांगत होते तेव्हा तुला वाटायचं, आईलाच जमत नाही."

मुलीने पुन्हा बटण बंद केलं. या वेळी संगणकही बंद करून चालू केला. पुन्हा तेच. तिचं डोकं फिरायची वेळ आली.

"हे पानच भिकार असेल. दुसरं एखादं उघडून बघते."

"तुझंच उघड की," आई म्हणाली. "ते मी रोज बघते."

मुलीचे हात थांबले. कामावरच्या मंडळींसाठी ती आपल्या पानावर परदेशी भाषेत काहीबाही लिहायची. आईच्या वाढदिवसाला तिने आईवरच लिहिलं होतं आणि त्यावर कौतुकाचा पाऊस पडला होता. आई ते वाचू शकेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने पान उघडलं. तेही मराठीत आलं. पहिलीच ओळ होती, 'आई, मी तुला रोज चुकवते.'

ती आधी खो खो हसली. मग तिने ती ओळ पुन्हा वाचली. वाढदिवसाला सकाळी आईशी धड दोन मिनिटं बोलणं झालं होतं. आईचा फोन त्यानंतर आलाच नव्हता.

"आई, अगं, हे साफ चुकलंय! मला तुझी रोज आठवण येते, असं लिहिलंय मी. आठवण येणं आणि चुकणं, दोन्हीला तिकडे एकच शब्द; त्याचा याने असा विचका केलाय. आणि तुला ते खरं वाटलं?"

आईने स्वेटर मांडीवर घेतला. फुलं नसलेली बाजू तिने हाताने सारखी केली.

"असं होय," ती म्हणाली. "मला बाई वाटलं, सगळ्यात तेवढं एकच वाक्य त्याने बरोबर केलंय."